कुऱ्हाडीपासून वाचलेले झाड

आमच्या गल्लीतला पर्जन्यवृक्ष कोणी तोडला नाही. त्याला मरायला जवळजवळ तीन वर्षे लागली आणि तेवढ्या काळात त्याच्या खोडाला कोणाची कुऱ्हाड लागली नाही. त्यामुळे त्याच्या मरणाची कुठल्याही कागदावर नोंद नाही.

सुरुवात चिकट्याने झाली. झाडाखाली उभ्या केलेल्या रिक्षांच्या टपांवर आणि मोटारींच्या काचांवर रोज सकाळी पातळ, चिकट थर दिसू लागला. मग कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यांत पांढरा कापूस लागल्यासारखे दिसले, पाठोपाठ खोडावरून मुंग्यांच्या रांगा लागल्या आणि पानांवर काजळीसारखी काळी बुरशी चढली. नाशिककडचा कुठलाही द्राक्ष बागायतदार रस्त्यावरून जाता जाता ओळखेल असे हे दुखणे: पिठ्या ढेकूण. हे किडे झाडाचा रस शोषतात आणि गोड स्राव टाकतात. त्या गोडासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांना खायला आलेल्या कीटकांना हुसकावतात आणि किड्यांना नव्या फांद्यांवर नेऊनही सोडतात.

मी दोन वेळा अर्ज केला. दोन्ही वेळा मला एकच प्रश्न विचारण्यात आला: फांदी पडण्याचा धोका आहे का? धोका असेल तर छाटणी करू, नसेल तर तक्रार निकाली. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या झाडांना पालवी फुटली, याला फुटली नाही. त्यानंतर मात्र काम झपाट्याने झाले. वाळलेले झाड धोकादायक ठरले आणि एका सकाळीत त्याचे तुकडे होऊन ट्रकमध्ये गेले. त्या वर्षीच्या मे महिन्यात समोरच्या इमारतीतल्या आजींनी दुपारी गॅलरीत बसणे सोडले. आमच्या चहावाल्याने हातगाडी पुढच्या चौकात हलवली.

हे दुःख एका गल्लीपुरते असते तर लेख लिहिला नसता. मुंबईत गेल्या दीड दशकात पर्जन्यवृक्ष असेच मोठ्या संख्येने वाळले आणि पिठ्या ढेकणाचे नाव त्या संदर्भात वारंवार घेतले गेले. तरीही झाडांच्या रक्षणाविषयी आपण बोलतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर कुऱ्हाड, करवत, मेट्रो आणि रस्तारुंदी एवढेच येते. आपला कायदाही तसाच घडला आहे. १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा झाड तोडायला परवानगी मागतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले आणि असे झाड तोडलेच तर त्याच्या वयाइतकी रोपे लावायची अट घातली. साठ वर्षांचे झाड तोडले तर साठ रोपे. हे चांगले पाऊल आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण तेच साठ वर्षांचे झाड डोळ्यांदेखत किडीने संपले तर? तेव्हा साठ रोपांचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण मेलेले झाड काढायला कोणी अडवत नाही. झाड तोडायला परवानगी लागते, झाड मरू द्यायला लागत नाही. माझे भांडण या एका फटीशी आहे.

ही फट किती मोठी होऊ शकते हे पाहायचे असेल तर अमेरिकेतल्या मिशिगन राज्याकडे पाहावे. २००२ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटच्या परिसरात अ‍ॅश नावाची रस्त्याकडेची झाडे का मरताहेत याचा छडा लागला. कारण होता जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, पाचूसारखा हिरवा चकाकणारा भुंगेरा. त्याचे मूळ घर ईशान्य आशिया: चीन, कोरिया, रशियाचा पूर्व टोकाचा भाग. तो बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून किंवा फळ्यांतून आला. कोकणातल्या आंबेवाल्यांना भिरूड माहीत असतो. खोडाच्या बुंध्याशी भुसा दिसला की ते तार घालून अळी काढतात, औषधाचा बोळा कोंबतात आणि भोक मातीने लिंपतात. हाही त्याच जातकुळीतला शत्रू, पण जास्त कपटी. त्याची अळी सालीच्या आतल्या बाजूला, जिथून झाडाचे अन्न खाली मुळांकडे जाते त्याच थरात, नागमोडी बोगदे खणते. बाहेर भुसा पडत नाही. झाड वरून वाळायला लागते तेव्हा आतला गळफास आवळून झालेला असतो. पूर्ण वाढलेला भुंगेरा बाहेर पडताना सालीत इंग्रजी डी अक्षरासारखे तीन-चार मिलिमीटरचे भोक सोडतो. सुरुवातीची भोके वर शेंड्याकडे असतात, तिथे कोण बघतो?

नंतर शास्त्रज्ञांनी मेलेल्या झाडांची वर्तुळे मोजली. निष्कर्ष असा की कीड १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच तिथे रुजली होती आणि १९९७-९८ मध्ये झाडे मरायलाही लागली होती. म्हणजे ओळख पटण्याआधी हा किडा आठ-दहा वर्षे निवांत खात होता. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, जिथे कीटकशास्त्राचे विभाग विद्यापीठागणिक आहेत, तिथे हे घडले. आग्नेय मिशिगनमधल्या काही रानांत नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त अ‍ॅश मेले. मग कीड सरपणाच्या मोळ्यांतून पुढे सरकली, कारण लोक सुट्टीला रानात तंबू ठोकायला जाताना घरचे जळण गाडीत टाकून नेत. कीड स्वतः वर्षाला फार लांब उडत नाही, माणूस तिला एका दिवसात पाचशे किलोमीटर नेतो. कोट्यवधी झाडे गेली. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याने या किडीसाठी घातलेली देशांतर्गत वाहतूकबंदी मागे घेतली, कारण अडवण्यासारखे फारसे उरले नव्हते.

या कहाणीतला एक तपशील मला झोपू देत नाही. डेट्रॉइट आणि आसपासच्या शहरांत इतके अ‍ॅश आले कुठून? त्याआधी तिथल्या रस्त्यांवर एल्म नावाच्या झाडांच्या कमानी होत्या. विसाव्या शतकात एका परदेशी बुरशीने एल्म मारले. ती बुरशीही सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अंगावरून पसरली. रिकाम्या रस्त्यांवर भराभर वाढणारे, चिवट, सुबक झाड हवे होते म्हणून रांगांमागून रांगा अ‍ॅशच्या लावल्या. एका जातीच्या रांगेने दगा दिला तर तिच्या जागी दुसऱ्या एकाच जातीची रांग. चाळीस वर्षांनी तीही गेली.

आता आपले रस्ते आठवून पाहा. आधी पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर, मग पेल्टोफोरम म्हणजे आपला सोनमोहर, मग सप्तपर्णी, आणि अलीकडे दुभाजकांवर कोनोकार्पस. दर पिढीला एक आवडते झाड आणि त्याचीच रांग. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातल्या फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये एक साधा आडाखा दिला होता: शहरातल्या झाडांत एका जातीची दहा टक्क्यांहून, एका प्रजातीसमूहाची वीस टक्क्यांहून आणि एका कुळाची तीस टक्क्यांहून जास्त झाडे नसावीत. हा आडाखा परिपूर्ण नाही, त्यावर वादही आहेत. पण आपल्या नगरपालिकांच्या वृक्षलागवडीच्या निविदेत असा कुठलाच आडाखा नसण्यापेक्षा तो शंभर पटीने बरा. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर आणि सोनमोहर ही तिन्ही एकाच शिंबी कुळातली. त्यांच्या मधोमध पिंपळ, बकुळ, कडुनिंब, जांभूळ, तामण असे एकमेकांपासून दूरचे वृक्ष लावले तर किडीला एका झाडावरून दुसऱ्यावर सहज चालत जाता येत नाही, आणि एखादी जात गेली तरी रस्ता उघडा पडत नाही.

इथे एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो, आणि तो घेणारी माणसे झाडांवर प्रेम करणारी असतात. पर्जन्यवृक्ष मुळात परदेशी, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. गुलमोहर मादागास्करचा. मग परदेशी झाडाला परदेशी किडा लागला तर आपण रडायचे कशाला, देशी झाडे लावायची संधी समजावी. मला हे पटत नाही. नवे झाड लावताना देशीचा आग्रह धरावा, मीही धरते. पण उभे असलेले साठ वर्षांचे झाड हे आज दुपारची सावली आहे. त्याच्या जागी लावलेला पिंपळ तेवढा होईपर्यंत माझी नात नोकरीला लागलेली असेल. शिवाय परदेशी किडा देशी झाडाला सोडतो असे कोणी सांगितले? पांगाऱ्याचे काय झाले ते पाहा.

पांगारा आपला. माघ-फाल्गुनात पाने गाळून लालभडक फुलतो, साळुंक्या आणि कोतवाल दिवसभर त्याच्यावर भांडतात. केरळात मिरीचा वेल चढवायला तोच आधार, कुर्गच्या कॉफीमळ्यांत त्याच्या जातकुळीतल्या झाडांची सावली कॉफीवर धरतात. या झाडांवर दीड मिलिमीटरचा एक गांधीलवर्गीय कीटक आला, मूळचा पूर्व आफ्रिकेचा. २००३ मध्ये तो तैवानात दिसला, मग सिंगापूर, मॉरिशस, आणि २००५-०६ च्या सुमारास केरळ. मादी कोवळ्या पानात आणि देठात अंडी घालते, तिथे गाठी येतात, पाने वेडीवाकडी होतात, नवी फूट खुंटते. काही ठिकाणी मिरीचे वेल ज्या झाडांवर होते ती झाडेच वाळली. छायावृक्ष मेला की त्याच्या सावलीतले पीकही उघडे पडते, हे शहरातल्या माणसाला चटकन कळत नाही, मळेवाल्याला लगेच कळते.

याच कीटकाशी हवाई बेटांनी कसा सामना केला ते मला फार महत्त्वाचे वाटते. एप्रिल २००५ मध्ये तो ओआहू बेटावर सापडला आणि काही महिन्यांत सगळ्या बेटांवर पोहोचला. तिथे पांगाऱ्याचा एक भाऊबंद आहे, विलिविली, जो जगात फक्त हवाईतच उगवतो. तो नामशेष होईल या भीतीने लोकांनी त्याच्या बिया गोळा करून साठवल्या. दुसरीकडे तिथल्या कीटकतज्ज्ञांनी या गांधीलमाशीच्या मूळ गावी, आफ्रिकेत, जाऊन तिचा शत्रू शोधला. टांझानियात एक परोपजीवी कीटक मिळाला. तो बंदिस्त प्रयोगशाळेत ठेवून, दुसऱ्या कशावर तो जातो का याची तपासणी करून, नोव्हेंबर २००८ मध्ये सोडला. विलिविलीला पुन्हा पालवी आली. तीन-साडेतीन वर्षांत, फवारणीचे टँकर न फिरवता.

आपल्यालाही हे जमते, जमलेले आहे. २००८ मध्ये कोइम्बतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण सापडला, मूळचा मेक्सिकोकडचा. तो पपईवर थांबला नाही. तुती, साग, जास्वंद आणि कितीतरी झाडांवर गेला. शेतकऱ्यांनी औषधांवर औषधे मारली, उपयोग झाला नाही, कारण या किड्यांच्या अंगावर मेणाचा लेप असतो. २०१० मध्ये कृषी कीटकांवर काम करणाऱ्या बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून तीन परोपजीवी कीटक आणले. त्यातल्या एकाने, अ‍ॅसेरोफॅगस पपायी त्याचे नाव, काही महिन्यांत कीड आटोक्यात आणली. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे १८९८ मध्ये दक्षिणेतल्या कॉफीवरच्या खवल्या किडीसाठी ऑस्ट्रेलियातून आणलेला क्रिप्टोलिमस हा ढाल किडा. तोच आज सांगली-नाशिकचे शेतकरी द्राक्षावरच्या पिठ्या ढेकणासाठी विकत घेऊन सोडतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात जैविक कीडनियंत्रणाचे काम वर्षानुवर्षे चालते. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्र विभाग आहेत. ज्ञान इथेच आहे. फक्त शहराच्या उद्यान विभागातून कोणी एक फांदी त्यांच्याकडे पाठवत नाही, आणि त्यांना कोणी शहराच्या रस्त्यावर बोलावत नाही. द्राक्षाच्या वेलीला कीटकतज्ज्ञ आहे, रस्त्यावरच्या झाडाला नाही.

म्हणून माझी पहिली मागणी वृक्षगणनेविषयी आहे. कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी ती करायची असते. मुंबईच्या गणनेत जवळपास तीस लाख झाडे मोजली गेली. झाडाची जात, घेर, उंची, जागा, सगळे नोंदले जाते, पण नुसती मोजणी म्हणजे राखण नव्हे. त्याच फेरीत प्रशिक्षित डोळ्यांनी साल, बुंधा आणि पानांची खालची बाजू पाहावी, आणि मोठ्या झाडांची ही तपासणी दरवर्षी दोनदा व्हावी: होळीच्या आधी आणि पावसाळा संपल्यावर. दहा वर्षे उशिरा कळलेली कीड आणि वेळेत कळलेली कीड यांत केवढे अंतर असते, ते अमेरिकेतच दुसऱ्या एका किडीने दाखवले आहे. आशियातलाच लांब शिंगांचा काळा-पांढरा भुंगेरा १९९८ मध्ये शिकागोत एका रहिवाशाच्या नजरेस पडला. शहराने लागण झालेली दीड हजारांवर झाडे तातडीने काढली, बाकीच्यांना औषध टोचले, आणि २००८ मध्ये शिकागो कीडमुक्त जाहीर झाले. न्यू जर्सीत वुडब्रिज, कार्टरेट या गावांतही तो सापडला होता. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी जुन्या लोकांना रस्त्यावरची झाडे तपासणारी पथके आठवत असतील. २०१३ मध्ये ते राज्यही कीडमुक्त झाले. उलट मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला २००८ मध्ये एका बाईंनी आपल्या अंगणात तो भुंगेरा पाहून कळवले, तोवर बराच उशीर झाला होता आणि तीस हजारांहून जास्त झाडे काढावी लागली. शिकागो आणि वुस्टर, दोन्हीकडे आधी पाहिले ते साध्या रहिवाशांनी. आपल्याकडे झाड रोज पाहणारी माणसे आहेतच: सोसायटीचे माळी, रस्ता झाडणारे कामगार, झाडाखाली इस्त्रीची गाडी लावणारे. त्यांना काय पाहायचे हे सांगा, कोणाला कळवायचे हे सांगा, आणि कळवल्यावर कोणीतरी येईल याची खात्री द्या.

दुसरी मागणी दाराशी पहारा ठेवण्याची. परदेशातून येणाऱ्या लाकडी खोक्यांसाठी जगभर नियम आहे: लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान निदान तीस मिनिटे राहिले पाहिजे, नाहीतर धुरी दिली पाहिजे. न्हावा-शेवाला रोज उतरणाऱ्या मालाचा विचार केला तर खोक्यांवरच्या या प्रक्रियेच्या शिक्क्याची तपासणी किती कसून व्हायला हवी हे सांगायला नको. पण देशाच्या आत काय? आपल्या शहरांना लागणारी मोठमोठी झाडे मातीच्या गोळ्यांसकट आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रकने येतात. त्या पाना-मुळांबरोबर आणखी काय येते हे पाहणारा कोणी रस्त्यात उभा नसतो. आपला मूळ कीड कायदा १९१४ चा आहे. त्याच्या जागी कृषी जैवसुरक्षेचे विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि सभागृहाची मुदत संपताच विरून गेले. केंद्र जागे होईल तेव्हा होवो. नगरपालिका आपल्या निविदेत एवढे तर लिहू शकते की रोपे येताच महिनाभर वेगळी ठेवून, तपासून मगच रस्त्यावर लावली जातील.

फवारणीच्या बाजूने मी नाही, हे स्पष्ट सांगते. शाळेच्या खिडकीला टेकलेल्या झाडावर कीटकनाशकाचा फवारा मारणे म्हणजे मुलांच्या नाकात औषध घालणे, आणि पिठ्या ढेकणापेक्षा त्याला खाणारा ढाल किडाच त्यात आधी मरतो. प्रसंग तसाच आला तर खोडात औषध टोचण्याची पद्धत आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने २००९ पासून आपले हजारो अ‍ॅश असे वाचवले; एका टोचणीने दोन-तीन वर्षे संरक्षण मिळते. खर्च होतो, पण मेलेले झाड कापून नेण्याचाही होतोच. बरेच काम तर औषधाविनाही होते: किडलेल्या फांद्या वेळेवर काढून नष्ट करणे, मुंग्या चढू नयेत म्हणून खोडाला चिकटपट्टी बांधणे, पाण्याचा जोरदार मारा, आणि बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडणे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीत झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितले होते. तहानलेले, गुदमरलेले झाड किडीशी लढू शकत नाही. पिठ्या ढेकूण निरोगी झाडावरही येतो, पण आधीच खंगलेल्या झाडाचा घास घेतो.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येईल. २०१९ मध्ये महाराष्ट्राने ३३ कोटी झाडे लावायचा संकल्प केला होता. लावण्यासाठी आपण पैसा उभा करतो, फोटो काढतो, फलक लावतो. उभ्या झाडाच्या देखभालीचे खाते मात्र पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीपाशी संपते. लागवडीच्या प्रत्येक रुपयातले वीस पैसे उभ्या झाडांच्या आरोग्यासाठी राखून ठेवावेत असे मला वाटते. आणि ही ऐषारामाची मागणी नाही. अमेरिकेत पंधरा राज्यांतल्या जिल्ह्यांचा १९९० ते २००७ या काळाचा अभ्यास झाला. जिथे जिथे अ‍ॅशची कीड पोहोचली तिथे हृदयविकाराने पंधरा हजारांहून जास्त आणि श्वसनाच्या आजारांनी सहा हजारांहून जास्त मृत्यू वाढलेले आढळले. झाड गेल्यामुळेच माणूस गेला असे एकेका मृत्यूबद्दल सिद्ध करता येत नाही, संशोधकही तसा दावा करत नाहीत. पण विदर्भात एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता रस्त्याने चाललेल्या माणसाला विचारा, सावली म्हणजे काय ते.

आमच्या गल्लीत अजून चार पर्जन्यवृक्ष आहेत. यंदा मार्चमध्ये त्यातल्या एकाच्या खालच्या फांदीवर, दूध केंद्राच्या बाजूला, मला पुन्हा पांढरा कापूस दिसला. या वेळी मी अर्जात धोका, छाटणी हे शब्द लिहिले नाहीत. फांदीचा वीतभर तुकडा पिशवीत घातला, तोंड घट्ट बांधले, वर तारीख आणि झाडाचा क्रमांक लिहिला आणि अर्जाला जोडून दिला. दुसरा तुकडा तसाच बांधून कृषी महाविद्यालयात पाठवला आहे.